मंगळवारी सात ते नऊ

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर
आम्ही अकराजण. कोटांना मासळीच्या कारखान्याचा वास.
ओल्डरॉयडबाई फळ्यावर लिहितात : गो.
म्हणतात, हे तर तुम्हाला येतंच.
येतं. तेच करत करत आलोय सगळे इथवर.

मग त्याच्याशेजारी एक चिमुकला शब्द मांडतात, ऑफ,
आणि जाणं जागच्या जागी उभं राहतं.
दूध गोज ऑफ, म्हणजे नासतं.
दिवा गोज ऑफ, म्हणजे विझतो.
गजर गोज ऑफ, म्हणजे वाजायला लागतो.
"विझतो की वाजतो? नक्की सांगा," लेतेब्रहान म्हणते,
तिची पहाटपाळी त्या घड्याळावर टांगलेली.
"वाजतो," बाई ओशाळून म्हणतात,
जणू त्यांच्याच घरातली वस्तू पाहुण्यांसमोर मोडली.
पुस्तकात चौथं वाक्य बॉम्बचं होतं.
बाईंनी ते गाळलं.
आम्ही ते आधीच वाचलं होतं.

बाईंचे वडील गोदीत टगबोट चालवायचे.
जहाज केवढंही असो, त्या सांगतात,
बंदरात शिरताना त्याचं नाक कुणीकडे वळायचं
ते ती खालची, धुरकट, एवढीशी बोट ठरवते.
क्रियापदाच्या आकाराला भुलू नका,
त्याला काय चिकटलंय ते बघा.

मी बघतो.
कम अक्रॉस : ओलांडून येणं. मी लिहिलं, समुद्र.
तेही चालेल, बाई म्हणतात, पण बहुतेकदा
वाटेत काहीतरी अवचित सापडणं.
क्लीथॉर्प्सच्या वाळूत त्यांना एकदा चांदीचं बटण सापडलेलं.
मला त्या रात्री पाण्यात काय सापडलं
ते सांगण्याइतकं माझं इंग्रजी अजून झालेलं नाही.
वहीत लिहितो : दोन्ही अर्थ बरोबर.

कचेरीतला तो भला पोरगा म्हणाला होता,
यू विल गेट ओव्हर इट.
मी विचारलं, उंची किती?
तो हसला. मी थट्टा करत नव्हतो,
मागच्या वेळी वर तार होती.

रन आउट झमरायला शिकवावं लागत नाही.
कुंदुझच्या मैदानात तो यष्टिरक्षक होता.
बाई म्हणतात, इथे तसं नाही हं, इथे साखर संपते, पेट्रोल संपतं.
"तेच की," झमराय म्हणतो,
"रेघ दिसत असते, बॅट पुढे टाकलेली असते,
आणि संपतं."
त्याच्या खिशात एक पत्र आहे, तारीख घातलेलं.
ते सगळ्यांना ठाऊक आहे, बाईंनाही.

आठ वीसला आगीची घंटा वाजली.
कवायतच होती, खाली दारावर तशी चिठ्ठी होती,
पण चिठ्ठी वाचायलाच तर आम्ही येतो इथे.
आम्ही जिन्याकडे गेलो, रांगेत, शिकवल्यासारखे.
मोसुलचा रिझगार टेबलाखाली गेला.
बोलावलं तरी येईना,
दोन्ही तळवे कानांवर, तोंड मात्र उघडं.
तोंड उघडं का ठेवायचं
हे आमच्यातल्या तिघांना माहीत होतं.

बाई परतल्या.
चष्मा काढून टेबलावर ठेवला,
आणि पासष्टीचं ते अंग, लोकरी स्कर्टासकट,
हळूहळू खाली घातलं, त्याच्या शेजारी.
या अव्ययावर त्यांनी अजून धडा घेतलेला नाही.
मी जिन्याच्या वरच्या पायरीवर, दार धरून.
घंटा बराच वेळ चालली.
नंतर ती थांबली तेव्हा ते लगेच कळलंच नाही कुणाला.

खालून रखवालदार ओरडला, इट्स गॉन ऑफ!
"म्हणजे?" टेबलाखालून रिझगारचा आवाज,
"वाजली की विझली?"

बाई काही बोलल्या नाहीत.
त्यांचा गुडघा टेबलाच्या पायात अडकला होता,
आणि बाहेर कसं यायचं ते रिझगार त्यांना
खुणेनं शिकवत होता.
आधी हात. मग डोकं.
सावकाश.