दहा वाजून सात मिनिटं

वालपराइसोत सगळ्या टेकड्याच.
सपाट जागा बंदराने घेतली,
उरलेली पोलीसठाण्याने.
ठाण्यासमोरच्या पायरीवर मी वही घेऊन बसते.
गाडीतून उतरवताना जो ओरडेल
त्याचं नाव लिहायचं, एवढंच काम.

पूर्ण नाव ओरडा, आईच्या माहेरचंही,
असं चौकाचौकात सांगून ठेवलंय.
नाव कागदावर आलं
की माणूस हरवायला जड जातो.

"एउलोहिओ तापिया कार्कामो!"
लिहिलं.
साठीचा. पायात रबरी चपला, कोपरापर्यंत पीठ.
टेकडीला पाव लागतो पहाटे पाचला,
म्हणजे कणीक रात्री दहाला.
हुकूम असा, की दहानंतर रस्त्यावर कुणी नको.
पास असेल तर चालेल.
पास ठाण्यात मिळतो.
ठाण्यात यायला पास लागतो.

हे त्याने शिपायाला दोनदा समजावलं.
तिसऱ्यांदा शिपायाने त्याला समजावलं.
डाव्या भुवईवर, दीड इंच.
तेही लिहिलं.
शिपायाचं नाव लिहिता आलं नाही,
छातीवरच्या पट्टीवर काळी चिकटपट्टी होती.

वरून भांडी वाजत राहतात.
घरात बसून पातेलं बडवणं गुन्हा नाही,
पण खिडकीबाहेर आलेला डाव
घरात धरायचा की रस्त्यावर?
हसू नका. परवा सरकारी वकिलाने
खरंच विचारलं हे.

कोर्टात बाईंनी विचारलं:
अटक किती वाजता?
दहा वाजून सात मिनिटं.
हुकूम राजपत्रात कधी आला?
वकिलाने कागद चाळले, पाणी प्यायलं.
दुसऱ्या दिवशी सकाळी.
रेडिओवर मात्र आठलाच सांगितलं होतं, बाईसाहेब.
म्हणजे दहा वाजून सात मिनिटांनी
एउलोहिओ रस्त्यावर होता
आणि कायदा छापखान्यात, ओला.

निकाल राखून ठेवलाय.

त्या रात्री बेकरीत
कणीक फुगत फुगत परातीच्या काठावरून
फरशीवर उतरली, दारापर्यंत गेली म्हणे.
तिला कुणी हुकूम वाचून दाखवला नव्हता.
एउलोहिओ हे सांगतो आणि स्वतःच हसतो,
हसताना टाका ओढला जातो.

संचारबंदी उठली त्याला अकरा दिवस झाले.
संचार परत आला;
बंदी सगळे आले का, ते मी वहीत जुळवत बसते.
सत्तेचाळीस नावांपुढे खूण केली.
एक राहिलंय.
पावसात आणलेली ती मुलगी, पिवळा रेनकोट,
"रोसाउरा" एवढंच ऐकू आलं,
पुढे गाडीचं दार.
आडनावाची जागा सोडलीय,
दोघांच्याही,
बापाच्या आणि आईच्या.
ओळ लांब आहे. पेन्सिल टोकदार करून ठेवलीय.
कुणी ओळखतं का तिला?