नाटुर्णे फाट्यावर, हवा भरता भरता

थांबा, चाकं थंड होऊ देत, मग बघतो.
घळीकडेच ना? टपावर तंबू दिसतोय.
फोनमधला रस्ता खोटा नाही,
पण तो बैलगाडीचा. शेवटची गाडी तिथून गेली
तेव्हा मला मिसरूड फुटलं नव्हतं.

शाळेपर्यंत डांबर आहे, म्हणजे होतं.
पुढे चिरेखाणीचे डंपर.
त्यांच्या चाकोरीत शिरलात तर गाडी पोटावर बसेल,
तेव्हा एक चाक मधल्या उंचवट्यावर, एक कडेच्या गवतात,
आणि समोरून डंपर आला तर तुम्हीच मागे या.
तो येणार नाही. त्याला खेपेवर पैसे मिळतात.

साकवावर गाडी घालू नका.
उजवा कठडा गेलाय. कुठे गेला ते मला माहीत आहे,
एका गोठ्याला छान बसलाय.
खालून व्हाळातून काढा, आता घोट्याइतकंच पाणी,
पण आधी एकाने उतरून चालत जा.
जो गाडी चालवत नाही त्याने.

सड्यावर चढलात की हवा उतरवा. बावीस ठेवा.
कातळ टायर फाडत नाही हो, किसतो,
खोबरं किसावं तसा, हळू, मन लावून.
मी तेवीस वर्षं त्या कातळाचंच खातोय,
त्याला नावं ठेवणं मला शोभत नाही.

मग एकटं कुंभ्याचं झाड.
झाडाच्या पश्चिमेला, हात वर केला तर, रेंज येते.
घरी काय सांगायचं ते तिथेच सांगून घ्या.
गाडी तिथेच ठेवा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड.

पायवाट धाकू झोऱ्याच्या गोठ्यामागून.
वरच्या कुंडातलं पाणी प्यायचं, खालचं म्हशींचं.
त्याला विचारून घ्या.
तो नाही म्हणत नाही, पण विचारलं की त्याला बरं वाटतं.
बशीर सोलकरने पाठवलं म्हणा,
म्हणजे ताकही मिळेल.

तंबूच्या खुंट्या कातळात शिरत नाहीत.
एका पोराने सहाच्या सहा वाकवून आणल्या,
त्या बघा, त्यांवर मी ट्यूब टांगल्यात.
दोऱ्या दगडांना बांधा.
दगड उचलण्याआधी काठीने सरकवा,
खाली फुरसं असतं, वीतभर, आळशी,
स्वतःहून वाट सोडत नाही.
चूल गवतापासून लांब.
पौष सरला की ते गवत म्हणजे पेट्रोल.

आणि तळाशी वाळू आहे, पांढरी,
कोणी अंथरूण घालून ठेवल्यासारखी.
तिथे झोपू नका.
ती वाळू चालत नाही आलेली.
वर घाटाकडे अवेळी कोसळला की इथे आभाळ कोरडं असतं,
आणि पाणी रात्रीचं येतं.

मी? एकदाच.
कुणाची जीप ओढायला गेलो, अंधार पडला, जीप हलेना.
मालक सीटवर घोरत पडला.
मी घळीच्या कडेला बसलो विडी ओढत
तर खालून समुद्र ऐकू यायला लागला.
समुद्र तिथून सहा कोस.
वारा असेल, वटवाघळं असतील, मला काय कळतंय.
पण खाडीच्या तोंडाशी जन्मलेला माणूस मी,
अब्बांचा मचवा विकून हा कंप्रेसर घेतला,
भरतीची चाहूल मला ओळखता येते.
रात्रभर चढत होती.
सकाळी जीप पहिल्या किल्लीला सुरू झाली.
मी ओढायचे पैसे घेतले नाहीत.
मालकाला वाटलं, हा येडा आहे.

हा जॅक न्या. तुमचा खेळण्यातला आहे.
येताना दुकान बंद दिसलं तर शुक्रवार समजा,
त्या ड्रमात टाका, कोणी नेत नाही.
रात्री कडेला बसलात तर टॉर्च विझवून बसा.
काही ऐकू आलं तर मला सांगा,
नाही आलं तर राहू द्या.

हवेचे पैसे? आत्ता नकोत.
उद्या पंक्चर काढताना एकदमच घेईन.