ओ-कोसोंग

माझी रात्र सकाळी सात वाजता संपते.
चौथ्या मजल्यावरच्या शेवटच्या खाटेचं सलाईन बदलून
मी हात धुते, कोपरापर्यंत,
आणि इपोहच्या जुन्या बाजारातून चालत
फूंगच्या दुकानात येते.
लोकांचा नाश्ता, माझं रात्रीचं जेवण.

इथे मागणं थोडक्यात असतं.
कोपी म्हटलं की डब्यातलं गोड दूध आलंच,
ओ म्हणजे काळी,
कोसोंग म्हणजे रिकामी, साखरेवाचून.
मी ओ-कोसोंग. फूंग मला याच नावानं ओळखतो.
तिलगम हे नाव त्यानं एकवीस वर्षांत विचारलेलं नाही.

कापडी मोज्यातून गाळलेली कॉफी तो
या भांड्यातून त्या भांड्यात ओततो, हातभर उंचीवरून,
थेंब सांडत नाही.
अंडी उकळत्या पाण्यात, वर झाकण, पाच मिनिटं.
फोडली की बशीत थरथरतात.
त्यावर सोया सॉस, पांढरी मिरी,
सोबत भाजलेला पाव, आत थंड लोण्याची चकती
आणि नारळाच्या दुधात आटवलेला हिरवट काया.
संगमरवरी टेबलावर
माझी बोटं हळूहळू पुन्हा माझी होतात.

एका मंगळवारी शटर खाली.
पांढरा कागद, चिनी अक्षरं,
त्यातलं मला वाचता आलं एवढंच : 12.
मन चिंती ते वैरी न चिंती.
शेजारच्या छत्रीवाल्याला विचारायचा धीर होईना.
वॉर्डात मी कुणालाही काहीही विचारते,
कुठे दुखतं, लघवी झाली का.
इथे जीभ उचलेना.

मग मी दारोदार.
बसथांब्याजवळ अंडी दगड.
नदीकाठी जमालुद्दीनकडे कॉफी बरी,
पण टीव्हीवर कालची मॅच,
आणि गोल झाला की अख्खं दुकान टेबल बडवायचं.
नव्या कॅफेत पितळी दिवे, कुंडीत निवडुंग,
निळ्या केसांच्या मुलीनं विचारलं,
कुठल्या डोंगरावरची चालेल?
कुठलीही, म्हटलं, पाय दुखतायत.
तिनं फेसावर बदाम काढून दिला.
मी बघतच राहिले.
ईसीजीच्या कागदाशिवाय
मला कुणी हृदय दाखवलं नव्हतं.

नवव्या दिवशी, मैदानामागच्या गल्लीत,
एका हक्का बाईच्या दुकानात, पंख्याखाली
फूंग.
इस्त्रीचा शर्ट. भांग पाडलेला.
समोर चहा.
चहा!

तब्येत? मी विचारलं.
ठीक.
बायको?
मुलाकडे, पेनांगला.
मग दुकान?
त्यानं अंड्यांवर मिरी भुरभुरली, सावकाश,
म्हणाला, चाळीस वर्षं झाली.
मला कुणी नाश्ता आणून दिला नव्हता.

आम्ही खाल्लं. फार बोलणं नाही.
अंडी सहा मिनिटांची होती. त्याला कळलं, मलाही,
दोघांनी बशी पुसून संपवली.
बाई पाठमोरी झाली तेव्हा
त्यानं बाहीनं टेबल पुसलं, माझ्याही बाजूचं.
आणि मी, सांगायला लाज वाटते,
त्याच्या गळ्याशी उडणारी शीर मोजत होते,
घड्याळात बघून. बहात्तर.
पैसे द्यायला दोघंही उठलो.
तो जिंकला, त्याच्या मुठीत
सुटे आधीच मोजलेले होते.

तेराव्या दिवशी शटर अर्धं वर.
मी वाकून आत गेले.
येताना त्या बाईकडचा चहा आणला होता,
इथे बांधून देतात तसा,
प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर सुतळीचा फास.
शेगडीजवळच्या खिळ्याला मी ती पिशवी अडकवली,
सवयीनं, सलाईन अडकवावं तशी,
टिचकी मारून बुडबुडेसुद्धा वर घालवले.

फूंग बघत राहिला.
पिशवीकडे, मग माझ्याकडे.
मग झाकण उचलत म्हणाला,
बस. पाच मिनिटं.