आहेस ना?

नाझिब्रोला उतरलीय रांजणात,
काखेतीतल्या एका परसात, जमिनीत
गळ्यापर्यंत पुरलेल्या, तिच्याहून उंच.
हातात चेरीच्या सालीचा कुंचा.
वरून गोदेर्जी विचारतो, "आहेस ना?"
"आहे."
आत बोलत राहावं लागतं.
गप्प झालं की भाऊ दोर ओढतो.

यंदा वाइन आंबट निघाली.
द्राक्षं आठ दिवस आधी तोडायला
तिनंच लावली होती, गारांच्या भयानं.
गारा आल्याच नाहीत.
गोदेर्जी तेव्हा नको म्हणाला होता,
आता काहीच म्हणत नाही.
ते जास्त लागतं.

तसं तर बातुमीची नोकरीही तिनंच सोडली.
माल्खाजला नाही म्हणाली ती बसस्टँडवर,
त्याच्या हातात दोन तिकिटं असताना.
दोष द्यायला कुणीतरी असतं
तर सोपं गेलं असतं.
बरीच वर्षं शोधलंही तिनं.

कुंचा फिरतो, साका सुटतो,
जुन्या सालांचे वास एकेक करून अंगावर येतात.
रांजणाचा तळ निमुळता,
एकच पाऊल मावेल एवढा.
दुसरं कुठे ठेवायचं हे
अजून तिला जमलेलं नाही.

"आहेस ना?"
"आहे रे. आणि साखर घालू नका त्यात."

संध्याकाळी शेजारचा वाखो येतो,
घोट घेतो, डोळे मिटतो, तोंड वाकडं.
"कुणी केली ही?"

ती पेला पुढे करते, स्वतःचा,
काठोकाठ भरून घेते.
"मी."