दिवा तेवढा घालव

स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या जरा वर
सोळा भोकांचं एक सॉकेट असतं.
गाडी विकायची वेळ येते तरी
मालकाला त्याचा पत्ता नसतो.
मी उकिडवा बसतो, पिन बसवतो,
चावी अर्धीच फिरवतो,
आणि डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागतात,
हजेरीला उभ्या राहिलेल्या पोरांसारखे.
एक सोडून सगळे खाली बसतात.

अब्बा स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून
टोक इंजिनावर टेकवायचे.
त्यांचा डावा कान इंजिनांनीच खाल्ला.
माझ्याकडे हे यंत्र, तळहाताएवढं,
अडीच हजाराचं, काचेवर एक चरा.

परवा भूपाल चौगुले आले.
मार्केट यार्डात हळदीची अडत,
पांढरी गाडी, दाराच्या फटीत पिवळी रेघ.
यंत्र म्हणालं : पी शून्य एक सात एक.
हवा जास्त, पेट्रोल कमी.
म्हटलं, उघडून बघतो, अर्धा तास द्या.
"उघडू नकोस इस्माईल. उद्या गिऱ्हाईक येतंय.
दिवा तेवढा घालव."

यंत्र दरवेळी विचारतं, नक्की पुसायचं?
एवढं तर माणूसही विचारत नाही.
मी हो दाबलं.
दोनशेची नोट खिशात गेली,
दिवा गेला, चौगुले गेले.

काल दुपारी तीच गाडी पुन्हा शेडमध्ये.
चालवत होत्या सुवार्ता आवळे,
मिरजेच्या मिशन दवाखान्यात सिस्टर,
रात्रपाळीचे डोळे, पर्समध्ये विसाराची पावती कोरी.
"घेण्याआधी कुणाला तरी दाखव, म्हणाला भाऊ.
वानलेसवाडीत तुमचं नाव सांगितलं."

मी पिन बसवली. काय निघणार ते मला ठाऊक होतं.
काहीच निघालं नाही.
पण पुसलेल्या गाडीला काही आठवत नसतं,
पाचपैकी चार तपासण्यांपुढे
'अपूर्ण, अपूर्ण, अपूर्ण, अपूर्ण.'
चार वर्षं चाललेली गाडी
आणि अंगावर कालच्या बारशाचं कोरेपण.

"चांगली आहे ना?"
पाना पुसत राहिलो, पुसलेलाच.
मग म्हणालो, बाई, अंकलीच्या पुलापर्यंत जा,
कृष्णा ओलांडा, वळा, या. एसी बंद ठेवा.
घाई करू नका, गाडीला आठवू द्या.

पाऊण तास मी एका रिक्षाचा क्लच काढत होतो
आणि रस्त्याकडे बघत होतो.

आल्या. दिवा अजून लागला नव्हता.
यंत्राच्या काचेवर मात्र तोच आकडा,
शेजारी शब्द : प्रलंबित.
राजवाड्याजवळच्या कोर्टात असतो तसा,
तारीख पडलेली, निकाल नाही.

"हे काल नव्हतं?"
काल होतं, म्हणालो. काल कुणीतरी पुसलं.
त्यांनी माझ्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं.
"म्हणजे तपासायला यायच्या आधी
पॅरासिटामॉल देऊन आणलंय पेशंटला."
व्हय, म्हणालो.
कुणी दिलं ते त्यांनी विचारलं नाही.

मग मी बॉनेट उघडलं.
फिल्टरची पेटी सोडवली, चार क्लिपा,
आणि पेटीतून हळद सांडली.
चिमूटभर नाही, ओंजळभर.
पुढच्या नळीत हवा मोजणारी केसाएवढी तार,
तिच्यावरही पिवळा थर.
फवारा मारला, वाळू दिली, नवा फिल्टर घातला.
अर्धा तास. बरोब्बर अर्धा तास.

"किती झाले?"
फिल्टरचे द्या. बाकीचे काल मिळालेत.
त्या थांबल्या, मग पावती पर्समध्येच ठेवली.
"चौगुल्यांना सांगते, पंधरा हजार कमी करा."

गाडी गेली. पेट्रोलनं हात धुतले,
साबणानं, मग राखेनं.
रात्री ताटावर बसलो तर मुमताज म्हणाली,
कुणाच्या हळदीला गेला होता?
मी नखं बघितली.
सांगितलं नाही.