स्थिर आकार

धनकवडीतली आमची 'मधुमालती',
चार मजले, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट एक, पंप दोन
आणि जिन्यातल्या ट्यूबा,
ज्या कुणीच विझवत नसे
कारण त्या सगळ्यांच्या होत्या.

एप्रिलचं सामाईक बिल अकरा हजार चारशे साठ.
सभेला नऊ जण.
उखळकर म्हणाले, दुपारी लिफ्ट बंद ठेवा.
बिडकर वहिनी म्हणाल्या, तुम्ही पहिल्या मजल्यावर राहता.
त्यावर चहा आला.

खजिनदार मी,
सभेला उशिरा पोचलो म्हणून झालेला.
आठवडाभर वही घेऊन मीटरसमोर उभा राहिलो
आजाऱ्याचा ताप बघावा तसा.
पहाटे टाकी भरून वाहेपर्यंत पंप चालायचा;
गच्चीवरून पाणी पडलं की
लिंबाजी वॉचमनला जाग यायची,
तेच त्याचं घड्याळ.

टाकीत फ्लोट बसवला
(लिंबाजीला गजराचं घड्याळ, एकशे ऐंशी रुपये, पावती जोडली आहे).
ट्यूबा काढल्या, दिवे लावले असे
की कुणी हललं तर पेटतात
आणि चाळीस सेकंदांत त्याला विसरतात.

ऑगस्टचं बिल सहा हजार दोनशे दहा.
फलकावर लावलं, फरक लाल पेनाने गोल केला.
खाली कुणीतरी लिहिलं : बरं.
पुण्यात याहून जास्त कौतुक होत नाही.

मग एका रात्री अडीचला,
दिवे नीट विझतात का बघायला
मी पार्किंगमध्ये उभा. बघतो तर
तिसऱ्या मजल्याच्या वर दिवा
पेटतोय, विझतोय, पेटतोय.

चपला हातात घेऊन वर गेलो.
पायरीवर गुळवे सर, मांडीवर शब्दकोडं.
घरात दिवा लावला की नातू उठतो,
नातू उठला की सून, आणि तिची सातची शिफ्ट.
अंधार झाला की सर हात वर करत,
उत्तर येत असलेल्या मुलासारखा.
दिवा त्यांना बोलायची परवानगी देई
चाळीस सेकंद.

मी दिसलो नाही त्यांना.
किंवा दिसलो असेन.

दुसऱ्या दिवशी स्टूल, स्क्रूड्रायव्हर,
आणि त्या एका दिव्याच्या मागचा बारीक खिळा
उजवीकडे, अगदी शेवटपर्यंत.
इतिवृत्तात नोंद केली नाही.

सप्टेंबर : सहा हजार दोनशे एकवीस.
उखळकरांनी चष्मा कपाळावर चढवला,
हे अकरा रुपये कसले वाढले?

मी बिल उलटंसुलटं केलं,
एका ओळीवर बोट ठेवलं
आणि आयुष्यात पहिल्यांदा हिशोबात खोटं बोललो,
का कोण जाणे, तेही पुरतं नाही :

स्थिर आकार.