वजन खरं लिहा

हडर्सफील्डमध्ये फेब्रुवारी. रेडिएटरवर मोजे वाळताहेत
आणि टेबलावर वाळवंट पसरलंय:
नकाशा, दोन कोरे फॉर्म,
धावपट्टीच्या जागी चहाच्या कपाचं गोल ओलं.

लॉजवरची पेट्रोनेला मोजकंच लिहिते.
पाऊस? अकरा वर्षांत दोनदा.
मोबाइल? टेकडी चढलात तर, वारा पडला तर.
शाकाहारी? भोपळा असतो. भोपळाच असतो.
रात्री दहाला जनरेटर बंद, त्यानंतर खोलीबाहेर यायचं
तर शिट्टी वाजवून राखणदाराला बोलवायचं.
श्रीरंग म्हणाला, तुला कुठे येते शिट्टी?
येते. चाळीस वर्षांत त्यानं विचारलं नव्हतं.

शेवटचं विमान सहा जणांचं.
सामान पंधरा किलो, मऊ पिशवी, चाकं नकोत.
प्रवाशाचं वजन, कपड्यांसकट. खरं लिहा.
त्यानं लिहिलं अठ्ठ्याहत्तर.
मी काही बोलले नाही. हुकाच्या काट्याला
पिशवी टांगून बघत राहिले:
चिवडा आठशे ग्रॅम, गोळ्यांचा डबा पाव किलो,
चर्चच्या सेलमधली दुर्बीण, जिचा एक डोळा धूसर.

मग त्याच्या नकळत विचारलं, हॉस्पिटल किती लांब?
स्टेंट घालून दीड वर्षं झालंय.
उत्तर आलं: विमानानं सव्वा तास.
दिवस असेल तर.

ते तीन शब्द मी दोन दिवस कोटाच्या खिशात वागवले,
बसमध्ये, भाजीच्या रांगेत,
दाताच्या डॉक्टरसमोर आ वासून.

तिसऱ्या रात्री दहाला मेन स्विच पाडला.
फ्रीजचा सूर तुटला. हे काय गं?
सराव, म्हटलं.
कोट चढवून मागच्या पायरीवर बसलो.
अंधार काही धड होईना,
गल्लीतला दिवा कुणाचं ऐकतोय!
क्लाइव्हचा बॉयलर भिंतीपलीकडे गुरगुरला.
कचऱ्याच्या डब्यामागून कोल्हा आला,
थबकला, आम्हाला निरखून पाहिलं,
जसे काही आम्हीच पाणवठ्यावर आलो होतो.

ब्याऐंशी, श्रीरंग कुजबुजला. बुटांसकट त्र्याऐंशी.
आणि जरा वेळानं: काय कळवलंय त्या बाईनं?

सांगितलं.
कोल्ह्यानं पिझ्झाचं खोकं कुंपणापर्यंत ओढत नेलं.
तेवढा वेळ तो गप्प होता.
मग म्हणाला, वाजव बघू शिट्टी.

मी दोन बोटं तोंडात घातली.
क्लाइव्हच्या खिडकीत दिवा लागला.